बाबांचा पाइप

२ नोव्हेंबर २००५, नेर
आज पाडवा. वर्षाच्या आत सण नाही, त्यामुळे दिवाळी नाही. फराळाऐवजी संकल्प करतो.
संकल्प : बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या फोटोपुढे पाइप ठेवायचा. लाकडी, हुबेहूब, माझ्या हाताने बनवलेला.
कारण नोंदवून ठेवतो. बाबांचा पाइप मी चितेवर त्यांच्या खिशात ठेवला. विचारपूर्वक निर्णय होता. जिनिंग फॅक्टरीत काट्यावर उभे राहून गाड्या मोजण्यात त्यांचा जन्म गेला आणि तो पाइप सतत तोंडात. सोबत जावा, असे वाटले. तेरवी झाल्यावर आईने विचारले, "पाइप कुठी ठेवला रे, पुंडलिक?" मी सांगितले. तेव्हापासून ती फारसे बोलतच नाही. ताट वाढते, पण "अजून घे" म्हणत नाही.
आज मी तिला शब्द दिला की तसाच पाइप बनवून देईन. म्हणाली, "हो, बनवशीन."
हे प्रोत्साहन समजतो.

३ नोव्हेंबर
दुःखाबद्दल : मी सावरलो आहे. सर्वांनी पाहिले, मी रडलो नाही.

९ नोव्हेंबर
यवतमाळहून सामान आणले. गिरमिट, कानस, पटाशी, तीन प्रकारचे पॉलिश पेपर. इंदू (माझी पत्नी) म्हणाली, आणलंच आहे तर आधी मोरीच्या दाराची कडी बसवा. तिला समजावले की कडी म्हणजे सुतारकाम, पाइप म्हणजे कला. ती म्हणाली, कला झाली की कडी बसवा.
मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगतो. अशा बोटांना लाकूड म्हणजे काही विशेष नाही.

१४ नोव्हेंबर
केंद्रावर गाडी नाही. यंदा भाव असा की लोक केंद्राकडे फिरकत नाहीत, नगदी घ्यायला व्यापाऱ्याकडे जातात. दिवसभर खुर्चीवर बसून पाइपाचे ड्रॉइंग काढले.
अडचण : बाबांसमोर आम्ही मुले मान खाली घालून उभे राहत असू. त्यामुळे पाइप फक्त खालून पाहिलेला आहे. ड्रॉइंग खालून काढले आहे. वरची बाजू अंदाजाने.
धुराचा वास मात्र पक्का लक्षात आहे. शाळेतून घरी आलो की तंबाखूचा खमंग वास घरभर. डोळे मिटले की येतो. तिथूनच उलटे काम करत जायचे.

२० नोव्हेंबर
वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकाप्रमाणे परदेशात पाइप एका झुडपाच्या मुळाच्या गड्ड्यापासून करतात. आमच्या तालुक्यात झुडपाला तोटा नाही. जिकडे पाहावे तिकडे कापसाची पराटी. कापूस वेचला की जाळण्याशिवाय तिचा उपयोग कोणाला सुचला नाही. मला सुचला.
अख्ख्या जिल्ह्याला जोडधंदा मिळू शकतो. कलेक्टर साहेबांना कळवावे काय?

२७ नोव्हेंबर
पराटीचे सर्वात जाड मूळ अंगठ्याएवढे निघाले. त्याचा पाइप झाला. उंदराला पुरेल.
कलेक्टर साहेबांना तूर्त कळवत नाही.

११ डिसेंबर
पूनमसिंगकडे गेलो. खाटा करतो आणि तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी बैल. त्याला पाइपातले काही कळत नाही, पण त्याने हे कबूल केले नाही. "पाइप? लय बनवले, साहेब." कोणासाठी, विचारले. म्हणाला, "नळाले लागते ना."
बाभळीचा ठोकळा घेऊन आलो. ताजा, जड, रसरशीत. ताजे ते चांगलेच.

२५ डिसेंबर
सुट्टी. दिवसभर काम. ठोकळा पकडायला शिकंजा नाही, म्हणून दाराच्या फटीत दाबून धरतो. उत्तम पकड. आता ते दार बंद होत नाही. हवा खेळती राहते.
गिरमिटाने वरून तंबाखूसाठी खड्डा पाडला. सुंदर झाला. थोडा वेळ बघत बसलो. डोळ्यात भुसा गेला. बराच वेळ पाणी येत होते.

८ जानेवारी २००६
ठोकळा फुटला. जेवताना फडताळातून टक् असा आवाज आला. वरपासून खालपर्यंत चीर. पूनमसिंगला सांगितले तर हसला. "ओल्या लाकडाले घाई दाखवली का ते दात दाखवते, साहेब." मग आधी का सांगितले नाहीस, विचारले. "तुम्ही इचारलं कुठी?"
हे खरे आहे. मी सहसा विचारत नाही. लोक सांगतात तेवढे ऐकून घेतो.

१५ जानेवारी
नवा विचार. मुरलेले लाकूड घरातच आहे. माळ्याखालच्या जुन्या खाटेला चार पाय. खाट तीन पायांवर आणि चार विटांवर उत्तम उभी राहते. मी स्वतः बसून पाहिले.

१६ जानेवारी
इंदूचा भाऊ अमर न सांगता मुक्कामाला आला. तोही त्याच खाटेवर बसला.
विटा उत्तमच होत्या. अमर बेसावध बसला. इंदू माझ्याशी बोलत नाही. आता घरात दोघी माझ्याशी बोलत नाहीत. कामाला शांतता मिळते.

५ फेब्रुवारी
खाटेचा पाय सागवानी निघाला. आकार जमला. आता मुख्य तांत्रिक प्रश्न : भोक. वरून मोठा खड्डा, बाजूने दांडीतून बारीक भोक, आणि दोघांची गाठ खड्ड्याच्या बरोबर तळाशी पडली पाहिजे. तरच धूर ओढता येतो. पाइपाचा सगळा जीव या भोकात.

१२ फेब्रुवारी
गाठ पडली नाही. बारीक भोक खड्ड्याच्या शेजारून निघून गेले. एका घरात राहून बोलणे बंद असलेल्या दोन माणसांसारखे.

१९ फेब्रुवारी
दुसऱ्या ठोकळ्यातही नाही. या वेळी बारीक भोक खालून बाहेर आले. अर्पिताने (माझी मुलगी, तिसरीत) त्यात दोरा ओवला.

५ मार्च
सायकलचा स्पोक लाल करून लाकडात खुपसायचा, असे नवे तंत्र शोधले. धूर फार झाला. शेजारच्या हंसाबाई पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. "बाप्पा! घर पेटवून राह्यले का, भाऊ?" म्हणत बादली ओतली. मी बाजूला झालो असतो, पण पाइप वाचवणे आवश्यक होते.
ओले कपडे बदलताना लक्षात आले, धुराचा वास बाबांच्या पाइपासारखा नाही. सागाचा दोष असावा.

१९ मार्च
आई पहिल्यांदाच काम बघायला आली. मी स्पोक खुपसत होतो. थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "भोकाचं कायले एवढं?"
आईला तांत्रिक बाजू समजत नाही. मी समजावणार होतो, पण सुरुवात कशी करावी हे ठरेपर्यंत ती आत गेली.

२ एप्रिल
पुस्तकात लिहिले आहे की खड्ड्याला आतून मधाचा हात द्यावा, म्हणजे लाकूड जळत नाही. घरात मध नव्हता. गुळाचे दाट पाणी लावले. पाइप फडताळात ठेवला.

३ एप्रिल
मुंग्या.

४ एप्रिल
मुंग्यांची रांग बाजूच्या बारीक भोकातून आत जाते आणि खड्ड्यातून बाहेर येत नाही. म्हणजे भोक अजूनही आरपार नाही. एक प्रकारे चाचणीच झाली.

३० एप्रिल
केंद्राचा हंगाम संपला. हंगाम म्हणण्यासारखे काही नव्हते. खुर्चीवर बसून माझे नऊ पाइप झाले, त्यातले दोन पाइपासारखे. उरलेले इंदूने चुलीत घातले. चांगले जळतात म्हणाली. निदान ही बाजू यशस्वी.

२१ मे
प्रत्यक्ष ओढून पाहण्याचा निर्णय घेतला. पूनमसिंगकडून तंबाखू घेतला, दांडीला निळ्या बॉलपेनची नळी बसवली आणि अंगणात बसून ओढले. काही आले नाही. जोर लावून ओढले. कानात आवाज झाला. आणखी जोर लावला तर पेनातली उरलेली शाई आली.
अर्पिताने विचारले, बाबा, तुमची जीभ निळी काहून आहे? कलेत असे होते, असे सांगितले.

९ जुलै
पावसाळी हवेने लाकूड फुगले. बॉलपेनची नळी दांडीत कायमची बसली. मजबुतीच्या दृष्टीने चांगले झाले.
श्राद्धाला दीड महिना आहे. भरपूर वेळ.

३० जुलै
मते मागवली. पाइप ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता बाजूला बसलो.
हंसाबाई : "वरवंट्याचं पिल्लू दिसते."
अर्पिता : बदक.
पूनमसिंग (रस्त्यावरूनच) : "बैल झकास झाला, साहेब! शिंगं काहून नाही लावली?"
तिघांनाही काहीतरी दिसले. आकारात जीव आहे, याची ही खूण.

१३ ऑगस्ट
शेवटचा प्रयत्न. नळी अडकलेली, म्हणून स्पोक वरून खड्ड्यातून खुपसला, तो आतच तुटला. बाहेर निघत नाही, पुढे जात नाही.
भोकाच्या तोंडाशी मेण लावले. वरून तपासणाऱ्याला कळणार नाही. श्राद्धात कोण पाइप ओढून पाहतो?

२२ ऑगस्ट
आज वर्षश्राद्ध. क्रमाने लिहितो.
सकाळी फोटोपुढे पाइप ठेवला. गुरुजींनी तो उचलून दर्भाच्या बाजूला सरकवला आणि विचारले, हे शांतीसाठी काही आहे का? मी हो म्हणालो.
पंगत उठल्यावर आई फोटोपाशी आली. पाइप उचलला, फिरवून पाहिला आणि तोंडाला लावून फुंकला. तिचे गाल फुगले. काही झाले नाही.
मला बोलावे लागले. सांगितले की आकार जमला, पण भोक आरपार जमले नाही. वर्षभर प्रयत्न केला. माफ कर, असेही म्हणायचे होते. ते म्हणालो की नाही, आठवत नाही.
आई म्हणाली, "त्याच्यातबी आरपार कुठी होतं रे?"
मला कळले नाही. तिने सांगितले ते असे. जिनात चौफेर कापूस, तिथे विडी-काडीची सक्त बंदी. बाबांना विडीची फार सवय. एकदा धरले गेले. तेव्हाच्या मॅनेजरने आपला जुना पाइप दिला, खड्ड्यात कापूस ठासून. नुसता चाव म्हणाला. "मंग जलमभर चावला. कधी पेटवला नाही. घरीबी तोंडातून काढे नाही, म्हंजे माह्यासंग बोला लागे नाही. तुह्याचसारखा घुम्मा होता तो."
मी विचारले, मग धूर? शाळेतून आलो की तो खमंग वास?
"थो माह्या मिसरीचा! दुपारी तव्यावर तंबाखू भाजो ना मी."
मग हसायला लागली. इतकी, की फोटोखालच्या पाटावर बसावे लागले. इंदू आतून धावत आली, काय झाले म्हणून. आईने डोळे पुसत तिला सांगितले, "वर्षभर भोक पाडून राह्यला, बाई! अन् मले एक सबद इचारला नाही!"
हंसाबाईही आल्या. त्यांनाही सांगितले.
रात्री आईने माझ्या पानात आणखी एक वडा टाकला. "अजून घे," म्हणाली.
डोळ्यात भुसा गेला. आज काम नव्हते, पण भुसा घरात राहतोच.

२३ ऑगस्ट
पोळा. वर्ष झाले, सण मोकळे. सकाळी फोटोपुढे पाहिले, पाइप नाही. चौकशी केली नाही.
नंतर विचार करून चौकशी केली. आई म्हणाली, "पोरीले देला. तिच्यापाशी बैल नव्हता." हे मी विचारले म्हणून कळले.

२४ ऑगस्ट
तान्हा पोळा. अर्पिताने पाइप नेला. पूनमसिंगने त्याला चाके आणि शिंगे लावून दिली होती. बॉलपेनची नळी शेपटी झाली. आईने खड्ड्यात कापूस ठासून दिला, रिकामा बरा दिसत नाही म्हणून.
परीक्षकांनी बैल हातात घेतला, फिरवून पाहिला आणि उत्तेजनार्थ बक्षीस दिले. स्टीलची वाटी. शेरा : गाय छान आहे.
आई आणि मी शेजारी उभे होतो. दोघांनी टाळ्या वाजवल्या.
आल्यावर हत्यारे पुसून ठेवली. उद्यापासून मोरीची कडी. इंदूला विचारले, कोणत्या उंचीवर लावू? तर म्हणाली, ती अमरने जानेवारीतच लावली. खाटेवरून पडला त्याच दिवशी.