पुनीत अठ्ठाविसावा

मैसूर
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

पुनीतअण्णा,

नमस्कार. इकडे सगळे बरे. म्हणजे मी बरी, अप्पा बरे. आई तुझ्याशी बोलणार नाही म्हणते.

मराठीत लिहितेय, चुका काढू नको. मराठी समाजाच्या हॉलमधे उन्हाळ्यात शिकलो, त्याचा एवढाच उपयोग झाला. आईला ही अक्षरं वाचता येत नाहीत.

झालं काय, रविवारी चामुंडी बेट्टावर डोंगरचढाची रेस होती. बेळगावला फौजेच्या ट्रेनिंगला जायच्या आधी तू नाव दिलेलं, तीच. शंभूमामानं निकाल घरच्या ग्रुपवर टाकला. ‘आपला पुनीत! पुरुषांत अठ्ठाविसावा!’ आईनं देवापुढे दिवा लावला. दुसऱ्या दिवशी जाऊन नारळ फोडून आली. मग बसून विचार करायला लागली, आणि मग रडायला.

“मैसूरला आला, बेट्ट चढला, आणि खाली उतरून आईचं तोंड बघावंसं वाटलं नाही?”

मामा समजूत घालायला गेला. “त्यांना सुट्टी नसते अक्का. पळून आला असेल.”

झालं. आता रडते पण आणि घाबरते पण. या मामाला कोणी बोलावलं होतं?

तू आला नव्हतास, हे मला माहीत आहे. कसं माहीत ते सांगते, थांब. आधी सांगते की कमलाक्षीअक्काच्या दुकानात लग्नाचे ब्लाउज ढीगभर आलेत, हुक लावून लावून बोटं सुजलीत. थंडी आहे. तुझे बूट मला मोठे होतात.

हां. तुझे बूट. पुढे ब्लाउजचे तुकडे कोंबले की बसतात.

आईला वाटतं मी रोज सकाळी तुझ्यासाठी नवस म्हणून पायऱ्या चढते. गल्लीभर सांगते, “माझी लेक भावासाठी बेट्ट चढते.” चढते ना. पण पळत. रोज पुढे बायका पायरीपायरीला हळद-कुंकू लावत वाकलेल्या असतात. ‘दारी बिडी’ म्हटलं की सरकतील. दोन शब्द, ‘वाट सोडा’, बस. माझ्या तोंडातून येत नाहीत. मी मागे उभी राहते, देवळात आल्यासारखी. माझाच मला इतका राग येतो!

रेसला छातीवर लावायचा तुझा नंबर घेऊन जा, असा मेसेज तुझ्या जुन्या फोनवर आला, तो आता माझ्याकडेच असतो. रेसला माझं नाव कसं देणार? अठरा झालेली नाही, आईची सही लागते. नंबर घ्यायला गेले, तिथल्या पोरीनं विचारलं, “पुनीत?” आणि माझी मान हलली. तुला माहीत आहे माझी मान. नववीत सर रोज विचारायचे, “अर्थ आयिता?” कळलं का? मी वर्षभर मान हलवली. मग परीक्षा आली, आणि शाळाच सुटली.

रेसमधे सगळीकडे माणसं नंबरावरचं नाव वाचून ओरडत होती, “बा पुनीत, बा!” ये, ये. अर्ध्यावर एक जाडा माणूस गुडघ्यावर हात ठेवून मधोमध चालत होता. मी मागे अडकले. आणि अण्णा, काय झालं माहीत नाही, ओरडले, “दारी बिडी!” तो उडून बाजूला झाला. म्हणाला, “सॉरी ब्रदर.”

बायकांत पहिली आली ती माझ्या मागून आली. तिच्या गळ्यात मेडल घातलं. मी बाजूला केळं खात उभी.

आता एकच कर. रविवारी फोन करशील तेव्हा ‘हो, आलो होतो, वेळ नव्हता’ म्हण. बाकी मी बघते.

अमू

*

मैसूर
सोमवार, २७ जानेवारी

अण्णा,

पोस्टाचं काय करावं! काल फोनवर कळलं, तुला पत्रच मिळालं नव्हतं. “कुठली रेस? मी इथे कांदे चिरत होतो!” केवढ्यानं ओरडलास.

आई म्हणाली, “बघा, आता खोटं पण बोलतो.”

मामा म्हणाला, “शिकवतातच तसं अक्का. शत्रूनं धरलं तरी सांगायचं नाही.”

मग मी बोलले ते तू ऐकलंस. “तो नव्हता. मी होते.” त्यानंतर तुझी वेळ संपून फोन कट झाला, म्हणून पुढचं लिहिते.

आई म्हणाली, “तू?” मान हलायला लागली होती. धरून ठेवली. म्हटलं, “हो. मी.”

“पँट घालून?”

एवढं सगळं सोडून तिला पँट! मग म्हणाली, “आणि मी नारळ फोडला तो कोणाच्या नावानं? तुला नाव नाही?”

आता मी पण चिडले. “सही लागते तुझी! तू दिली असतीस?”

“विचारलंस?”

अण्णा, विचारलं नव्हतं.

आज सकाळी रेसवाल्यांना मीच फोन केला. त्यांनी तुझं नाव काढून टाकलं, माझं घालता येत नाही म्हणाले. दुसऱ्याचा नंबर लावून पळलेलं धरत नाहीत. आता अठ्ठाविसावं कोणीच आलं नाही. मामानं ग्रुपवर रडकं तोंड टाकलंय.

पुढच्या महिन्यात बेट्टदपुरला चढाची रेस आहे. दुपारी आईपुढे कागद ठेवला. ती भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, “आणि पुढे बायका हळद-कुंकू लावत बसल्या तर?”

“दारी बिडी म्हणीन.”

“म्हण बघू.”

म्हटलं.

“मला ऐकू आलं नाही.”

परत म्हटलं. बाहेरच्या खोलीत मामानं खुर्ची बाजूला सरकवली.

आईनं हात पदराला पुसले आणि सही केली. वर म्हणते, मी पण येणार, वर उभी राहणार, पँटवर लांब कुर्ता घालायचा. तो घालून कोण चढेल? दुपारपासून तेच भांडण चालू आहे.

बूट परत मागू नको. नंबरावर काय छापायचं ते मोठ्या अक्षरात लिहा म्हणालेत. आधी इथे लिहून बघते.

तुझी बहीण,
अमूल्या गुरुराव