बिनचेहऱ्याची बाहुली, एझ्राचा रंधा आणि अल क्वोजचा कारखाना

मी, अंबादास रघुनाथ पांचाळ, वय ७३, धंदा लाकूडकाम, राहणार देरा, दुबई, आज हे लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही. याआधी लिहिलेले सर्व काही रद्द समजावे. कोर्टासाठी भाषांतर माझी मुलगी उर्वी हिने करून घ्यावे, मात्र माझे शेरे गाळू नयेत.

१. पुण्याचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक उर्वीला. तिने कधी काही मागितले नाही.

२. चिंध्यांची बाहुली नात शिवानीला. २०१५ साली उर्वीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने अमेरिकेत, ओहायोत होतो. शेजारच्या गावी अमिश लोकांची, म्हणजे जुन्या चालीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची वस्ती. त्यांच्यातल्या एझ्रा नावाच्या सुताराने मला आपल्याजवळ कामाला जागा दिली. घरात वीज नाही, जाणे-येणे घोडागाडीने, जेवणाआधी सगळे माना खाली घालून गप्प. एका शेजाऱ्याचे कोठार जळाले, तर साठ-सत्तर जणांनी एका दिवसात नवे उभे केले. त्यात माझ्याही हातच्या खुंट्या आहेत.

मिरवणे नको म्हणून ते चेहऱ्याचा फोटो काढू देत नाहीत, बाहुलीलाही नाक-डोळे नसतात. ही बाहुली एझ्राची नात लिडिया हिने शिवली. शिवानीने तिला बॉलपेनने डोळे काढले. मी ओरडलो तर म्हणाली, "बट आजोबा, शी कान्ट सी!" ते डोळे राहू द्यावेत. ओरडलो ते चुकलेच.

३. पुतण्या रणजित. सहा वर्षांचा असल्यापासून मी वाढवला. तोही आठ दिवस ओहायोत आला होता. फोटोबद्दल मी त्याला बजावले होते. परतताना विमानात म्हणाला, "काका, एक पण फोटो नाही काढला, प्रॉमिस."

गेल्या वर्षी धंदा रणजितवर सोपवून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेलो. चार महिन्यांनी आलो, तर आमच्या अल क्वोजच्या कारखान्यातील शोरूमच्या भिंतीवर एझ्रा आणि लिडिया, आठ फुटी, चेहऱ्यांसकट. खाली अक्षरे: 'अमिश हातकाम'. वेबसाइटवरही तेच. खुर्च्या आमच्याच, मशीनवर कापलेल्या. मी विचारले तर हा म्हणतो, "टेन्शन कशाला काका? ते लोक इंटरनेट बघतच नाहीत. खलास!"

ते बघत नाहीत, गिऱ्हाईक बघते. एका पर्यटकाने तो फोटो आमच्या दुकानाच्या नावासकट छापून एझ्राच्या दारात नेला आणि तसलीच खुर्ची मागितली. मार्चमध्ये एझ्राचे पत्र आले: "मित्रा अंबादास, तू जे केलेस ते आम्ही माफ केले आहे. त्याबद्दल पुन्हा बोलणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. दगा माझ्याशी झाला आणि त्या घरी दगाबाज मी ठरलो. उत्तरात रणजितचे नाव लिहायला तीनदा बसलो. ज्याला लिहायला शिकवले त्याचे नाव लिहवेना.

४. अल क्वोजचा कारखाना रणजितला, पण एका अटीवर. अमिशांमध्ये चुकलेला माणूस सभेपुढे गुडघे टेकून चूक सांगतो, मग तो विषय कोणी काढत नाही. रणजितने ओहायोला जाऊन एझ्रासमोर सांगावे: फोटो मी काढला, काकांना ठाऊक नव्हते. त्यानंतर हे कलम त्याला कोणी ऐकवू नये. आजपासून वर्षभरात गेला नाही, तर कारखाना बावीस वर्षे इमानाने राबलेल्या सुजीतला.

५. एझ्राने मला दिलेला रंधा परत त्यालाच. कुरिअरने नाही, रणजितच्या हातून. एझ्रा ऐंशीचा आहे. माझे मरण येईपर्यंत तो थांबेल याचा भरवसा नाही, म्हणून या कागदाची एक प्रत आणि रंधा रणजितला मी आजच देत आहे.

मी सही करायला बसलो तोच रणजित आत आला. म्हणाला, "काका, विटनेस म्हणून मी साइन करू?" ज्याला वारसा मिळतो त्याची साक्ष इथे चालत नाही, असे मी सांगितले. त्याची साक्ष ओहायोत हवी आहे.

साक्षीदार:
१. शैलेंद्र वामन टिपणीस (सही)
२. विभावरी शैलेंद्र टिपणीस (सही)

अंबादास रघुनाथ पांचाळ (सही)
देरा, दुबई
१४ नोव्हेंबर २०२५