काकूच्या तापाबद्दल

कर्वेनगर, पुणे
२८ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षता,
अनेक आशीर्वाद. नाशिकला सगळे खुशाल असाल. आमची दिवाळी यंदा विकतच्या चकलीवर झाली. तुझी कुसुमकाकू दोन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलमधून घरी आली. आता धरल्याशिवाय गॅलरीपर्यंत जाते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मेडिकलच्या काउंटरसमोर तू म्हणालीस, "काका, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. उगाच घेतलेल्या गोळ्यांना जंतू सरावतात." गिऱ्हाइकं ऐकत होती. मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई, दुकान माझं आहे." त्यानंतर तू आली नाहीस, मीही बोलावलं नाही.

सप्टेंबरअखेर काकूला हुडहुडी भरून ताप आला. लघवीचा संसर्ग रक्तात गेला होता. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठली अँटिबायोटिक्स घेतली होती?"

मी म्हणालो, "काही नाही."

खोटं बोललो, अक्षता. तीन वर्षं तिला लघवीला जळजळ झाली की मीच दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्यांची पट्टी नेत होतो. तपासणी नाही, डॉक्टर नाही. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी. चाळीस वर्षं औषधं विकणाऱ्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

माझ्या शब्दावर त्यांनी नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं. ते लागू पडलं नाही. दुसऱ्या दिवशी रक्तदाब कोसळला, तिला आयसीयूत हलवलं, तेव्हा मी खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. "हे काल सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि औषध बदललं. पुढे कुठलं औषध चालेल याचा, रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट आला. त्यातल्या यादीतली बहुतेक औषधं तिच्या जंतूंवर चालणारी नव्हती. जे चाललं त्याने जीव वाचला, पण कानांवर परिणाम झाला. तो भरून येणार नाही म्हणतात.

परवा तिला सगळं सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "पोरीला कळवलंत का?"

म्हणून हे पत्र. फोनवर माझ्याच्याने झालं नसतं.

आता चिठ्ठीशिवाय देत नाही. लोक चिडून पुढच्या दुकानात जातात. माझी चार वाक्यं ऐकून एखादा दवाखान्यात जातो.

तू बरोबर होतीस. येशील तेव्हा मला हवं ते बोल. काकूशी मात्र समोर बसून, सावकाश बोल.

तुम्हा दोघींचा अपराधी,
श्यामकाका