दस्त्याचं माप

माइल्स सिटी, शनिवार

तीर्थरूप बाबा,
वैतागलेल्या सिग्नेचा नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

इथे नेमबाजीच्या स्पर्धेत मी मजेत आहे, गाल तेवढा सुजलाय. तुम्ही माझ्यासाठी बनवलेल्या रायफलचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मला चांगला दोन बोटं लांब होतो. नेम धरायच्या भोकाशी डोळा न्यायला मान ताणावी लागते, आणि बार उडाला की दस्ता गालफडात हाणतो. माझा हात मोजून घेतला होतात ना? मग कापलात कुणाच्या मापाने?

बाकी रायफल नावं ठेवण्यासारखी नाही. प्रत्येक बारानंतर नळीत तोंडाने वाफ फुंकते, म्हणजे दारूची काजळी मऊ राहते. तरी चाळीसातल्या अकरा गोळ्या निशाणाबाहेर गेल्या!

शेवटी शेजारच्या ड्वेनकाकांनी ती खांद्याला लावून पाहिली आणि हसतच सुटले. "अगं, ही तुझी कुठली? ही तुझ्या बापाच्या मापाची! ऑपरेशननंतर बंदुकीला हात लावणार नाही म्हणाला होता ना? लबाड म्हातारा!"

बाबा, डॉक्टरांची बंदी मार्चमध्येच संपली. "मलाही यायचंय" एवढं तोंडाने सांगता येत नव्हतं? औषधं तरी वेळेवर घेताय ना? कुत्रीला बिस्किटं देऊ नका.

ड्वेनकाका करवत घेऊन आले होते, दस्ता कापून देतो म्हणाले. मी हात लावू दिला नाही. उद्याच्या फेरीतही सुजलेल्या गालानेच नेम धरीन.

पुढच्या वर्षी ही तुम्ही चालवायची, मी शेजारी बसून वाऱ्याचा अंदाज सांगेन.

तुमचीच,
आखूड हातांची सिग्ने