नव्या स्क्रूंचं टेबल

माझ्या भांडकुदळ ताईस,

पत्र उद्यावर ढकलत राहिलो, रागावू नकोस. जेवतो वेळेवर. बाबांचा खोकला कसा आहे?

जुन्या ओकच्या फर्निचरच्या दुकानात लागलोय. ओक म्हणजे सागवानाचा गोरा भाऊ. झोपायला दुकानाचाच माळा.

परवा एक आजी टेबल विकायला आल्या. एक ड्रॉवर नव्हताच. स्क्रू नवे दिसले, म्हणून मी ऐटीत म्हणालो, "कालपरवाचं आहे." मालकाने नुसती मान डोलावली. आजी मिळेल त्या भावात देऊन गेल्या. मग त्याने उरलेला ड्रॉवर उलटा केला. सांधे हाताने कापलेले, वेडेवाकडे, शंभर वर्षांचे. स्क्रू तेवढे दुरुस्तीचे. मी मुद्दाम भाव पाडला असं समजून, "माझ्यापेक्षा बेरकी निघालास," म्हणत त्याने पाठ थोपटली. तेव्हापासून त्या टेबलाकडे बघवत नाही. आजींना खरं सांगावं तर नोकरी जाणार आणि माळाही.

थांब, दारात त्याच आजी आल्यात, काखेत ड्रॉवर घेऊन. "घरीच राहिला होता, बाळा. फुकट घे, जोडी कशाला तोडायची?"

तुझा,
भटक्या