मातीआडचा दगड

१९ एप्रिल १९८३
धरणाची मोजणीवाली माणसं आज शेतावरच्या घरी येऊन गेली. मी शाळेत शिकवायला, घरी बायको सु. आणि बा. घरी आल्यावर कागद पाहिला : 'कच्चे, मातीचे घर. वर कवेलू.' डोकंच फिरलं. हातभर जाड दगडी भिंती, बिजाच्या लाकडाचे खांब, आणि म्हणे मातीचे!
सु. म्हणाली, "साहेबाले माती दिसली, त्यानं माती लिवली."
तिचं तरी काय चुकलं? लग्न होऊन आली तेव्हापासून दर दिवाळीला लिपते, वरून पांढऱ्या मातीचा हात. दगडाचं टोकसुद्धा दिसू देत नाही.
घर पाण्यात जायचंच आहे. पण मोबदल्याच्या कागदावर मातीचं म्हणून जाऊ देणार नाही.

२१ एप्रिल
कचेरीत अर्ज दिला. बाबू म्हणाला, दगड असेल तर उघडा करून ठेवा, पुन्हा पाहणी होईल. केव्हा, ते काही सांगेना.

२४ एप्रिल, रवि.
खरवडायला घेतलं. बा खाटेवरून, "हात नोको लावू." दुपारी पाणी पिता पिता आपणच बोलला. मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या काळी गावात दगडाचं घर एकच, त्याचं. दुसऱ्यानं बांधलं की वाड्यावर बोलावणं. म्हणून आज्यानं नाल्यातला दगड बैलबंडीत शेणखताखाली दडवून आणला. सात उन्हाळे.
"जेवढी भित चढे तेवढी लगेच लिपे. मी मातीचा गारा तुडवो."
"मंग आता काहून भेता, बा?"
"भेत नाही. सवय हाय."
जन्म या घरात गेला आणि हे ठाऊक नाही. लाज वाटली.

२९ एप्रिल
पूर्वेची भिंत उघडी. काळा घडीव दगड, कोपऱ्यात एक आडवा, एक उभा. दारावर एकच लांब शिळा. बा भिंतीवर हात ठेवून उभा होता. "साठ वर्सानं पायला."
सु.ची वर्षानुवर्षांची माती खाली ढिगात.

११ मे
कोणी आलं नाही. काल वळवाची सर. दगडांच्या फटीत चुना नाही, नुसती माती, हे आता कळतंय. दोन बोटं माती वाहून गेली. सु.ने फटीत बोट घालून दाखवलं.

३ जून
कचेरीत तिसरी चक्कर. "येऊ, येऊ." मृग तोंडावर. सु.ने भाताचं तणस घालून गारा तुडवून ठेवलाय.
"साहेब आले त दगड दिसाले पायजे. पाणी आलं त भित राहाले पायजे. सांगा, लिपू का नोको?"
बा आतून, "इचारून काय राहिली? लिप."
मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब. उद्या तरी काय होणार आहे, कोण जाणे.

६ जून
आभाळ भरलंय. दिवसभर रस्त्याकडे डोळे, जीप नाही. संध्याकाळी सु. घमेलं घेऊन भिंतीपाशी गेली. तर बानं तिथंच खाट ओढून घेतलेली, पाठ दगडाला टेकून बसलेला.
"आज नोको लिपू, बाई. आजचा दिवस दिसू दे."
सु.ने घमेलं खाली ठेवलं. गारा वाळू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडलं.