मरायचं राहून गेलं त्याची हकिकत

तीर्थस्वरूप जोन मावशीस,

बार्नबीचा गुडघा टेकून नमस्कार. (एकच टेकला आहे, दुसरा सुजलाय, कारण पुढे येईलच.) तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला? तू पाठवलेलं चीज पोचलं आणि संपलंही. लोकरीचे मोजे मात्र पायातून काढत नाही. लंडनच्या या थंडीत पाऊल टाकलं की तुझी आठवण येते, खरंच सांगतो.

नाटकमंडळीत माझं बरं चाललंय असं मी कळवलं होतं. तसं काही नव्हतं. मालकांनी ठरवलं होतं की या हिवाळ्यात पगारी नट एकच ठेवायचा. मी, नाहीतर म्हातारा जेरोम. निकाल नव्या नाटकानंतर. नाटक तसं आपल्या देशाचंच: म्हातारा राजा, वारस नाही, आणि मुकुटावर डोळा ठेवून बसलेला सख्खा भाऊ. पण आपल्या राणीसाहेबांच्या वारसाबद्दल अवाक्षर काढलं की तुरुंग, म्हणून आमचा राजा इटलीत मरतो. (इटलीत काहीही चालतं.) भाऊ म्हणजे जेरोम, आणि मी त्याचा इमानी सरदार.

आता आमच्याकडे सबंध नाटक कुणाच्याच हाती देत नाहीत. कागद महाग, त्यातून दुसरी मंडळी चोरतील ही धास्ती. ज्याला त्याला आपापली वाक्यं आणि त्याआधीचे दोन शब्द, बस. तालीम एकच सकाळ, आणि त्या सकाळी मी दाढ उपटून घ्यायला न्हाव्याकडे गेलो होतो. माझं शेवटचं वाक्य होतं, ‘सरकार, तुमच्या आरोग्यासाठी.’ ते म्हणालो, प्याला रिकामा केला, लवून मुजरा केला आणि आत निघून आलो. आत कपडे सांभाळणारा म्हणाला, “अरे, तू मेलायस ना?” कटाला साक्षीदार नको म्हणून त्या भावानेच माझ्या प्याल्यात विष घातलं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर जेरोम रंगमंचाच्या रिकाम्या फळ्यांकडे बघून माझ्या प्रेतावर रडत होता. खाली उभे असलेले लोक हसत अक्रोड फेकायला लागले. तो नुसता गप्प राहिला असता, तर हिवाळ्याची जागा त्याचीच होती. पण तो माझ्या दाराकडे वळला आणि म्हणाला, “विष देऊनही दारापर्यंत चालत गेलास? ये रे बाळा, परत ये. मरायचंच तर माझ्याजवळ मर.” मी धडपडत गेलो (गुडघा तेव्हाच फुटला) आणि त्याच्या पायाशी पडलो. हसणं थांबलं. ज्याने दगा दिला त्याच्याकडेच इमानाने परत येणारा माणूस बघून मासे विकणाऱ्या बायासुद्धा रडल्या. मग शेवटच्या प्रयोगापर्यंत रोज तसंच करायचा हुकूम झाला.

मालकांनी मला ठेवलं. जेरोमने माझी पाठ थोपटली आणि आपलं बोचकं बांधलं. त्याचे उपकार मला फिटायचे नाहीत.

तुझा,
बार्नबी

ता. क. काकांना नाटकाचं सांगू नकोस. मी हातमोजे विकतो, तेच चालू दे.

आणखी एक. हे पत्र घेऊन दारात उभा आहे तोच जेरोम. त्याला वाटतंय, पत्र देऊन लगेच फिरायचं आहे. पण फिरून जाईल कुठे, त्याला घर नाही. चुलीजवळची माझी खाट तू अजून मोडली नसशील. त्याला जाऊ देऊ नकोस.